पाठीवरची हाक

कानांनी मिळणारी माहिती त्वचेतून पोहोचवणारी, अंगावर घालण्याची उपकरणे तयार करणे हे माझे काम आहे. या विषयाकडे कशा वळलात, असे कोणी विचारले की मी पदवी, शिष्यवृत्ती आणि चांगले मार्गदर्शक एवढेच सांगते. ते खोटे नाही. पण पुरते उत्तर द्यायचे तर आईबद्दल बोलावे लागेल.

माझ्या जन्माच्या वर्षभर आधी तापात तिचे ऐकणे गेले. थोरल्या भावाचे, दादाचे, बोबडे बोल तिने ऐकले होते; माझा आवाज मात्र तिने कधीच ऐकलेला नाही. ती स्वतः नीट बोलते आणि समोरच्याचे ओठ वाचते. त्यामुळे आमच्या घरात आईशी बोलायचे म्हणजे आधी तिच्यासमोर जाऊन उभे राहायचे, हा नियम मी चालायला शिकण्याआधीपासून आहे.

आमचे गाव दिघीजवळ, खाडीकाठी. सुकतीला पाणी ओसरले की बायका चिखलात उतरून तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, वेचतात. आई त्यांच्यात सर्वांत तरबेज. गुडघाभर पाण्यात ती पावले सावकाश सरकवत जाते आणि तळव्याला काही टणक लागले की त्याच जागी वाकून हात घालते. घरातल्या गप्पा तिच्या डोक्यावरून जातात; खाडीत सगळ्याच वाकलेल्या असतात, कोणी फारसे बोलत नाही. तिथे ती कोणापेक्षा कमी नसते. हे मला फार उशिरा उमगले.

गेल्या वर्षी ती वेचत वेचत बरीच पुढे गेली. भरती सुरू झाली, बायकांनी मागून हाका मारल्या, आणि अर्थातच तिला त्या ऐकू गेल्या नाहीत. मधला ओहळ भरला आणि ती पलीकडे अडकली. एका होडीवाल्याने तिला काठावर आणले. संध्याकाळी दादा तिच्यासमोर बसला आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाला, आता खाडी बंद. पुढचे काही दिवस सुकतीच्या वेळी ती मागच्या दारी बसून राहायची, असे वहिनीने मला फोनवर सांगितले.

मी रजा घेऊन गावी गेले आणि दादाकडून एका महिन्याची मुदत मागितली. मी योजलेले यंत्र साधे होते. शेजारची काकी आईसोबत उतरते. तिच्या गळ्यातल्या पिशवीत एक बटण राहील, ते दाबले की आईच्या अंगावरचा पट्टा थरथरेल. प्रश्न फक्त जागेचा होता. मनगट बाद, कारण हात सतत चिखलात. पाठीची त्वचा तुलनेने मंद, म्हणून तीही बाद. आईची पावले मात्र विलक्षण तल्लख आणि तिचे सारे लक्ष तिथेच. मी घोट्याची निवड केली. त्या वेळी हे तर्कशास्त्र मला निर्दोष वाटले होते.

पहिल्या दिवशी बटण मीच दाबले. आई ताबडतोब वाकली आणि चिखल उपसू लागली. पुन्हा दाबले, ती पुन्हा वाकली. तिसऱ्यांदा तर तिने पाटी बाजूला ठेवून दोन्ही हात कोपरापर्यंत घातले. काकी पोट धरून हसत होती.

"काय गो, एवढी शिकलीस, आन् आयेला खड्डे खनायला लावलेस?"

काठावर उभा असलेला दादा हसला नाही. पाठ फिरवून तो घरी गेला.

घरी पाय धुताना मी आईसमोर उकिडवी बसले आणि विचारले, आधी सांगितले होते ना, थरथरले की परत फिरायचे? तिने शांतपणे माझ्याकडे पाहिले.

"ठावं हाय. पन पायाला कायबी लागलं का मी खालीच बघनार. जलमभर तेच केलंय."

चूक तिची नव्हती. कोणती जागा अधिक संवेदनशील हे मी मोजले होते. त्या जागेला स्पर्श झाल्यावर तिचे शरीर काय करते, हे विचारायचे राहून गेले होते. ते मी तेव्हा विचारले. कुठे हात लागला की तू मागे वळतेस?

पाय पुसता पुसता ती थांबली. मग डावा हात मागे नेऊन तिने दोन खांद्यांच्या मधली जागा दाखवायचा प्रयत्न केला. हात पुरेना.

"हितं. तू न्हान असताना हाक मारून उपेग न्हाय, हे तुला लवकर कळलं. मी चुलीशी वाकलेली असायची. तू मागनं येऊन पाठीला कपाळ टेकवायचीस आन् गप उभी राहायचीस. मी वळेपर्यंत."

मला यातले काहीच आठवत नव्हते.

ब्लाउजला आतून खिसा तिनेच शिवला. पाणी शिरू नये म्हणून मी यंत्र गुंडाळून त्यात बसवले. चार दिवसांनी, अमावास्येच्या मोठ्या सुकतीला, आम्ही पुन्हा गेलो. मी आग्रह केला म्हणून दादाही आला. आई दूर गेली, वाकली, तिसऱ्या वेचू लागली. पाणी वळल्याचे काकीने हात उंचावून आम्हाला कळवले आणि बटण दाबले.

आई सरळ झाली. वळली. वळताना तिची नजर आधी खाली गेली, साधारण तिच्या मांडीच्या उंचीवर, जिथे कोणीही नव्हते. क्षणभर ती तिथेच राहिली. मग नजर वर आली, काकीला ओलांडून काठापर्यंत आली, आणि पाटी डोक्यावर घेऊन ती आमच्याकडे चालू लागली.

दादा बराच वेळ पाण्याकडे बघत होता. ती ओहळ पार करून अलीकडे आल्यावर त्याने मला विचारले, उद्या सुकती किती वाजता आहे.