कागदावरचा साकव

अपीलकाकी कुठल्याही साहेबासमोर गेली की आधी खुर्ची ओढून बसायची. "उभं राहून बोललं का लवकर वाटेला लावतात," म्हणायची. खर्डीपलीकडच्या आमच्या पाड्यावर ती आमची शेजारीण. माहिती अधिकाराचा अर्ज, मग अपील, मग दुसरं अपील, असं करत राहिली म्हणून लोकांनी तिला हे नाव ठेवलं. तिलाही ते आवडायचं.

पाडा आणि रस्ता यांच्यामध्ये ओढा आहे. एका पावसाळ्यात तिच्या सुनेला कळा सुरू झाल्या. पाणी ओसरेपर्यंत सुनेला दवाखान्यात न्यायची झोळी अलीकडच्या काठावरच अडकली. सून वाचली, नात गेली. ओढ्यावर साकव, म्हणजे पायी ओलांडायचा छोटा पूल, मंजूर झाल्याचं काकीने ऐकलं होतं. ती कचेरीत जाऊन बसली. "आमच्या साकवाचे कागद द्या."

कागद तिला मिळाले ते थेट राज्य माहिती आयोगातल्या सुनावणीआधी. मी तिथेच लघुलेखक. कागदांत लिहिलं होतं, साकव बांधून पूर्ण.

"साहेब, साकव नाय तिथं," काकी म्हणाली. "तुमी येऊन बघा."

आयुक्त भले गृहस्थ होते. त्यांनी तिला शांतपणे समजावलं, "काकी, असलेली माहिती मिळवून देणं एवढंच आमच्या हातात आहे. ती खरी की खोटी, हे ठरवायचा आम्हाला अधिकार नाही. त्यासाठी वरच्या कचेरीत तक्रार करा."

"ज्यांनी लिवलं, त्यांच्याच साहेबाकडं?"

आयुक्तांनी चष्मा काढून पुसला. मग मला मजकूर सांगू लागले : माहिती पुरवण्यात आली आहे, सबब अपील निकाली काढण्यात येते. मी टाइप केलं. कायद्याने त्यातला एकही शब्द चुकीचा नव्हता. तरी मला मान वर करवेना. काकी समोरच बसली होती, माझ्या बोटांकडे बघत.

बाहेर तिला चहा दिला. ती चिडेल, निदान चार शब्द ऐकवेल, असं वाटत होतं. तिने चहा संपवला आणि विचारलं, "तुझी नोकरी पक्की हाय ना रे?"

"हो, काकी."

"बरं झालं." माझ्या पाठीवरून हात फिरवत ती म्हणाली, "आपला येक तरी आत हाय."

त्यानंतरच्या उन्हाळ्यात ती गेली. वरच्या कचेरीतली तिची तक्रार अजून पडून आहे. पाड्यावर गेलो की तिची सून मला, "भावोजी, काय कळलं का?" असं विचारते. मी पायांतल्या चपला हातात घेतो आणि ओढ्यात उतरतो.