स्पितीला किती जण?

त्या वर्षी अख्ख्या नाहूरमध्ये हिमालयाच्या हवामानाचा माझ्याएवढा जाणकार शोधून सापडला नसता. मी हिमालय पाहिलेला नव्हता, ही बाब किरकोळ.

आम्ही चौघे एकाच ऑफिसातले, पन्नाशीला टेकलेले. मोटरसायकलींवरून स्पितीला जायचं ठरलं आणि मी माझ्या घरी दरबार भरवला. भिंतीवर नकाशा, हातात फूटपट्टी, थाट सेनापतीचा. "जूनमध्ये खिंड उघडते, पण बर्फ वितळून दुपारी ओढे रस्त्यावर येतात. जुलै-ऑगस्टात दरडी कोसळतात. ऑक्टोबरात पुन्हा बर्फ. म्हणजे उरला सप्टेंबर!" टाळ्या पडल्या. एरवी माझ्या घरी कपबशी एकच विसळली जाते. लग्न नावाचं प्रकरण फार पूर्वी सामोपचाराने मिटलेलं. त्या संध्याकाळी मी चार कप विसळले, तेही गुणगुणत.

खिंडीपलीकडे एक बाई घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना देत. रस्त्याची खबर काढायला मी त्यांना दर रविवारी फोन करू लागलो.

"दीदी, बर्फ?"

"है भाईसाब, कहाँ जाएगी? आप कितने लोग?"

"चार!" मी खणखणीत आवाजात.

मग आमच्या चौघांतला मालवणचा गडी एकदा जेवणाच्या सुट्टीत हळूच म्हणाला, "सप्टेंबरात गणपती आहेत रे."

"हे तुला आत्ता कळलं?"

"तू बर्फ, दरडी करत बसलास, त्यात कॅलेंडर कोण बघतो? गावच्या घरचा गणपती आहे यार. नाही गेलो तर आई घरात घेणार नाही."

"अरे, बर्फ थांबणार नाही गणपतीसाठी."

"मग गणपती थांबतो काय बर्फासाठी?"

रविवारी मी दीदींना "तीन" सांगितलं. पुढे दुसऱ्याच्या कमरेने दगा दिला, तेव्हा "दो". तिसऱ्याच्या बायकोने तर मलाच फोन केला. "भावजी, तुमचं बरं आहे, मागे रडायला कोणी नाही. ह्यांना मात्र सोडा हं." ती हसत म्हणाली. मीही हसलो, झकास हसलो. मग भिंतीवरच्या नकाशाचा सुटलेला कोपरा चिकटवला. तो पुन्हा सुटला.

पुढचे काही रविवार मी फोन केलाच नाही. एकट्याने जायला मी टरकलो होतो. रस्त्याला नाही, दरडींनाही नाही. दिवसभर गाडी चालवून पोचायचं आणि "आज काय मजा झाली" हे कोणालाच सांगायचं नाही, याला. पण नाही गेलो, तर त्या तिघांविना मी जिन्याखालीसुद्धा उतरत नाही हे कायमचं ठरून जाणार होतं.

शेवटी दीदींचाच फोन आला.

"भाईसाब, मौसम साफ है. सितंबर बोला था ना? कितने लोग?"

माझ्याकडे प्रसंगाला साजेसं भाषण नेहमी तयार असतं. तेव्हा मात्र "अकेला हूँ दीदी" एवढंच निघालं. वाटलं, आता म्हणतील, मग पुढच्या वर्षी या.

"अकेले के लिए कमरे में अलग अंगीठी नहीं जलाऊँगी," त्या फटकन म्हणाल्या. "लकड़ी महँगी है. रसोई में बैठना पड़ेगा, हम लोगों के साथ. चलेगा?"

"चलेगा," मी म्हणालो.

"तो जल्दी निकलो. इस बार बर्फ़ जल्दी गिरेगी."

रजा टाकली, गाडी मुलुंडच्या गॅरेजातून तपासून आणली आणि निघालो. भिवंडीच्या पुढे रस्ता मोकळा झाला तेव्हा मला एक फर्मास विनोद सुचला. मी तो हेल्मेटच्या आत मोठ्याने सांगितला. हसलोही मीच.