व्हर्ना बसली

व्हर्ना स्टॅशियाक खुर्चीत बसत नाही, नुसती टेकते. टेकते, खेळी करते, घड्याळाचं बटण दाबते, खेळी कागदावर टिपते आणि उठते. मग तिची फेरी सुरू होते. आधी आमच्या सगळ्यांच्या पटांवरून एक नजर, मग कॉरिडॉर, मग बर्फाचं मशीन, मग हॉटेलच्या पोहण्याच्या तलावाची काच आणि शेवटी पार्किंगला एक वळसा. परत येते तेव्हा समोरच्याने खेळी केलेली असते. ती पुन्हा टेकते.

एकतीस वर्षं तिने टोलीडोच्या पूर्व भागात पायी टपाल वाटलं. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाली, पण पायांना ते कुणी सांगितलेलं नाही.

आमचा बुद्धिबळाचा क्लब दर मंगळवारी लायब्ररीच्या तळघरात भरतो. जमणारे बारा-तेरा जण, आणि त्या सगळ्यांत वरचं रेटिंग व्हर्नाचं. बावीस वर्षांपूर्वी तिने नवऱ्याला, ड्युएनला, स्वयंपाकघरात शब्द दिला होता, "एकदा रेटिंग दोन हजार होऊ दे, मग थांबते. मग शनिवार तुझे." ड्युएन काचेच्या कारखान्यात होता. गॅरेजमध्ये त्याची एक छोटी मोटरबोट आहे. शब्द मिळाला त्या दिवशी त्याने गॅरेजच्या भिंतीवर खडूने तिचं रेटिंग लिहिलं, मुलांची उंची लिहितात तसं. १९४१. पुढे १९६३. पुढे १९९७! मग १९५८. आकडे भिंतीवर वरखाली होत राहिले आणि बोट ताडपत्रीखाली तशीच राहिली.

या मार्चमध्ये मॅन्सफिल्डला हायवेलगतच्या हॉटेलात पाच फेऱ्यांची स्पर्धा होती. व्हर्ना १९८६ वर होती. चार फेऱ्यांत तिने तीन गुण घेतले. रविवारी दुपारी शेवटच्या फेरीआधी ती, ओटिस आणि मी तिच्या व्हॅनच्या मागच्या दारात सँडविच खात होतो. ती उभी, आम्ही बसलेले.

ओटिस गॅडी न्हावी आहे. रेटिंग चौदाशे वीस, आणि ते हलत नाही असं तो अभिमानाने सांगतो. एकोणीस वर्षं तो व्हर्नाच्या व्हॅनमधून स्पर्धांना येतोय. तो पेपर नॅपकिनवर पेनने काहीतरी मांडत होता.

"हरलीस तर एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी," तो म्हणाला. "जिंकलीस तर दोन हजार बारा. आणि बरोबरी झाली तर... ऐकतेयस का? दोन हजार एक!"

"मला नको सांगूस."

"अगं, अर्धा गुण! समोर कोण आहे? तो दातांचा डॉक्टर. अल्काला. तो तर स्वतःहून बरोबरी मागतो. बस नुसती, आणि 'हो' म्हण."

"ओटिस, खा."

"खातोच आहे. पण आज एक विचारू? शेवटच्या फेरीत अर्धा गुण हवा असताना तू किती वेळा हरलीस? सात. मी मोजलंय. सात वेळा! एकदा घोडा फुकट दिलास. एकदा फेरीच्या वेळेला तलावापाशी उभी होतीस. बाई, तुला दोन हजार नकोच आहेत. तुला नुसतं दोन हजाराच्या वाटेवर राहायचंय."

व्हर्नाने सँडविचचा कागद चुरगळला. "चौदाशे वीसवाल्याने मला शिकवायचं नाही."

"चौदाशे वीस आहे म्हणून तर मला लांबून सगळं स्वच्छ दिसतं."

ती पार्किंगला वळसा घालायला निघून गेली.

शेवटच्या फेरीत माझा पट तिच्या शेजारीच होता. डॉक्टर अल्काला म्हणजे पन्नाशीतला, नीटनेटका, हातरुमालाने पेन पुसणारा माणूस. आमच्याकडे पट आणि घड्याळ खेळाडूंनीच आणायचं असतं. तिथे डॉक्टरांचं नवं घड्याळ होतं. दोघांना दीड-दीड तास, आणि प्रत्येक खेळीला पाच सेकंदांची सूट. तेवढी संपली की मगच तुमची वेळ उतरू लागते.

डाव तिच्या बाजूने झुकत गेला. तिचा एक हत्ती डॉक्टरांच्या प्याद्यांच्या मागे उतरला आणि त्यांचा राजा कोपऱ्यात कोंडला गेला. सव्विसाव्या खेळीला तिने दुसरा हत्ती उचलून पहिल्याच्या शेजारी ठेवला. खेळी सुंदर होती. तिने खेळी टिपली, पेन खाली ठेवलं आणि उठली.

बटण मात्र दाबलं नाही.

मी पाहिलं. घड्याळाचा छोटा दिवा तिच्याच बाजूला लागलेला होता. एकतीस मिनिटं होती. तीस एकोणसाठ. तीस अठ्ठावन्न. मी मान वर केली तोवर ती दाराबाहेर गेली होती.

आता, आमच्यात हे सगळ्यांना ठाऊक असतं. बघणाऱ्याने बोलायचं नाही, घड्याळाबद्दल तर मुळीच नाही. समोरच्या खेळाडूवरही सांगायचं बंधन नाही. डॉक्टरांनी एकदा घड्याळाकडे पाहिलं, एकदा दाराकडे. मग दोन्ही हात कपाळाला लावून पटावर वाकले आणि विचार करू लागले. तिच्या वेळेत.

ती दारातून दोनदा डोकावली. दोन्ही वेळा तिला डॉक्टरांचं वाकलेलं डोकं दिसलं. समोरचा विचारात पडलाय म्हणजे आपली खेळी लागली, असं कुणालाही वाटेल. तिलाही वाटलं. ती खुशीत पुन्हा बाहेर गेली.

ओटिसचा डाव केव्हाच संपला होता, अर्थात हरून. तो येऊन माझ्या पाठीमागे उभा राहिला. त्याचा श्वास थांबलेला मला ऐकू आला. मी मान वळवली नाही. वळवली असती तर आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं असतं, आणि मग काय केलं असतं कुणास ठाऊक. तो बाहेर गेला.

पुढचं मला त्याने नंतर सांगितलं, प्रत्येक वेळी थोडं वेगळं. पण गाभा असा.

व्हर्ना बर्फाच्या मशीनपाशी होती. ओटिसला वाटलं, आपण तोंड उघडलं की सगळं बाहेर पडणार. शेजारच्या मशीनमधून त्याने पीनट बटरच्या बिस्किटांचं पाकीट काढलं आणि एका वेळी तीन तोंडात कोंबली.

"तू ही बिस्किटं खात नाहीस," व्हर्ना म्हणाली.

"हं."

"बसलाय का तो अजून?"

"हं."

"फारच विचार करतोय. दोन हत्ती एकदम आले ना!" तिने हात चोळले. "काय रे, आज एक टोमणा नाही, काही नाही?"

ओटिसने चौथं बिस्किट कोंबलं. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या.

"घशात अडकलं का?"

त्याने मान हलवली. तिने त्याच्या पाठीवर दोन धपाटे घातले. "पाणी पी. मी तलावापर्यंत जाऊन येते."

"व्हर्ना," तो कसाबसा म्हणाला.

"काय?"

तो तिच्याकडे बघत राहिला. एकोणीस वर्षं, तो म्हणतो, एकोणीस वर्षं मी त्या बाईशी बोलतोय आणि एकदाच गप्प बसायची वेळ आली.

"काही नाही. पाणी पितो."

ती तलावाकडे गेली.

परत आली तेव्हा टेकण्याआधीच तिला दिसलं. घड्याळावर चार मिनिटं चाळीस सेकंद, दिवा तिच्या बाजूला. ती उभ्यानेच बघत राहिली. मग हात पुढे करून बटण दाबलं. केवढा मोठा आवाज झाला त्या बटणाचा!

डॉक्टरांनी खेळी जणू आधीच ठरवून ठेवली होती. उंट मध्ये घातला, बटण दाबलं, आणि हळू आवाजात म्हणाले, "बरोबरी?"

व्हर्ना टेकली. टेबलाखाली तिचा पाय उडत होता. त्याने माझी खुर्चीसुद्धा हलत होती.

"मी उठले तेव्हा तुम्ही पाहिलं होतं," ती पुटपुटली.

"पाहिलं. सांगायला मी बांधील नव्हतो."

"नव्हतात. मीही सांगितलं नसतं."

घड्याळ उतरत होतं. चार दहा. चार नऊ. 'हो' म्हटलं की दोन हजार एक. ड्युएनची भिंत, ड्युएनची बोट, बावीस वर्षांपूर्वीचा शब्द, सगळं त्या एका 'हो'मध्ये. ओटिस भिंतीला पाठ लावून उभा होता, ओठांवर बिस्किटाचा चुरा. मी माझ्या पटावर काय चाललंय ते विसरून गेले होते.

"मी बाहेर फिरत असताना संपलेला डाव नको मला," ती म्हणाली. आणि तिने हत्ती हलवला.

मग तिने एक गोष्ट केली जी आमच्यापैकी कुणी कधी पाहिली नव्हती. खुर्ची पुढे ओढली. दोन्ही पाय खुर्चीच्या पुढच्या पायांभोवती अडकवले, शाळेतली पोरं अडकवतात तसे. आणि बसली.

पाच मिनिटांच्या आत आल्यावर खेळ्या टिपायचं बंधन नसतं. पेन तिने बाजूला सारलं. वेळ संपत आली तशी ती पाच सेकंदांच्या सवलतीतच खेळी करायची, बटण दाबायची आणि बसून राहायची. खेळी, बटण, बसणं. डॉक्टरांपाशी चाळीस मिनिटं होती आणि त्यांनी ती जवळजवळ सगळी वापरली. ते विचार करत असताना ती उठली नाही. दोनदा तिचे हात टेबलाच्या कडेवर गेले, उठण्यासाठी जातात तसे. दोनदा परत आले. कपाळावर घाम, मान ताठ. बघताना वाटत होतं, ही बाई खेळत नाहीये, कुणीतरी हिला बांधून ठेवलंय.

जिंकायची वाट तिच्या हातून सुटली. एका घाईच्या खेळीत एक हत्ती गेला, डॉक्टरांचे दोन्ही उंट गेले, मग उरलेले मोहरे आणि प्यादी एकेक करून. माझा डाव संपला होता. मी हरले होते आणि तिथेच बसून होते. मागे माणसं जमली. तिच्या घड्याळावर एकोणीस सेकंद राहिले होते, आणि ते एकोणीसच राहिले, कारण त्यानंतर पाच सेकंदांबाहेर ती एकदाही गेली नाही.

शेवटी पटावर दोन राजे उरले. बाकी काही नाही, म्हणजे बरोबरी.

डॉक्टरांनी हात पुढे केला. "हे तर मी तुम्हाला तासाभरापूर्वीच देत होतो."

"तेव्हा तुम्ही देत होतात," व्हर्ना म्हणाली. "आता मी घेतलं."

तिला उठता येईना. पाय बधीर झाले होते. ओटिसने आणि मी तिला दोन्ही बाजूंनी धरून उभं केलं.

परतीच्या वाटेवर फिंडले गाव आलं. मग ओटिसने मागच्या सीटवरून एकदम सांगून टाकलं.

"मला दिसलं होतं. बर्फाच्या मशीनपाशी आलो तेव्हा तुझी सतरा मिनिटं उरली होती."

"बिस्किटं बघून मला कळायला हवं होतं."

"रागावलीस?"

"बोलला असतास तर इथेच उतरवला असता तुला. हायवेवर." ती आरशातून त्याच्याकडे बघत होती. "माझी सव्वीस मिनिटं गेली ओटिस, आणि तू एक शब्द बोलला नाहीस. तुझ्याकडून मला ही अपेक्षाच नव्हती."

"मलाही नव्हती," ओटिस म्हणाला. "मग? आता थांबणार?"

व्हर्नाने वायपर चालू केले. पाऊस नव्हता.

मंगळवारी आकडा आला. दोन हजार एक. तळघरात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ओटिसने नॅपकिन दाखवत स्वतःचीच पाठ थोपटून घेतली. व्हर्ना आमच्या पटांमधून फिरत होती. तिचा स्वतःचा पट पिशवीतच होता.

ड्युएनने तो आकडा भिंतीवर सगळ्यात वर लिहिला, स्टुलावर चढून. त्याच्याखाली रेघ ओढली. बोट दुरुस्त करण्यात एप्रिल गेला. मे महिन्यातल्या पहिल्या शनिवारी तो तिला तळ्यावर घेऊन गेला. हे त्यानेच मला सांगितलं, परवा, लायब्ररीच्या दारात.

सकाळ छान होती म्हणाला. वारा नव्हता. त्याने इंजिन बंद केलं, गळ टाकला, थर्मासमधून दोघांना कॉफी ओतली. व्हर्ना पुढच्या फळीवर टेकली होती. दोन मिनिटं गेली. ती उठली. बोट डुलली.

"बस गं."

"बसलेच आहे."

"उभी आहेस."

ती बसली. कॉफी प्यायली. पाण्याकडे बघितलं. मागे किनाऱ्याकडे बघितलं. पुन्हा उठली, दोन्ही हात पसरून तोल सांभाळत, आणि नावेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तीन पावलं गेली. तीन पावलं परत आली. चालायला तेवढीच जागा होती.

"किती वाजले?" तिने विचारलं.

"सव्वाअकरा. का?"

"काही नाही. आज फोर्ट वेनला स्पर्धा आहे. पहिली फेरी दहाला असते." ती पुन्हा तीन पावलं गेली. "ओटिस एव्हाना हरला असेल."

ड्युएनने परत निघायला गळ गुंडाळला. तेवढ्या वेळात, तो म्हणाला, तिने अजून चार फेऱ्या मारल्या.