पंपाच्या आवाजातली तिसरी रेघ

त्या दुष्काळात येरमाळ्याजवळच्या आमच्या गावाला आधार एकच, सहकारी संस्थेचा तळ्यावरचा पंप. तो माझे मामा चालवायचे. मी तेव्हा इंजिनिअरिंगचं पुढचं शिकत होते. आवाजात कोणता सूर कोणत्या क्षणी वाजतो, हे कागदावर रेघांनी दाखवायचं गणित. शहाणपण अंगात मावत नव्हतं. सुट्टीत पंपाचा आवाज टेप करून नेला आणि कॉलेजच्या संगणकावर चढवला.

कागदावर तीन रेघा आल्या. दोन ठळक आणि बरोबर मधोमध तिसरी, थरथरती. मी गावी येऊन सांगितलं, बेअरिंग जातंय, मोटर खोला.

मामांनी नेहमीसारखं स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटरला आणि मूठ कानाला लावली. म्हणाले, "मला तर दोनच आवाज येतेत, पोरी. पर तू शिकल्याली हायस." आणि मोटर खोलली. बेअरिंग ठणठणीत होतं. खोलताना सील फाटलं, नवं तालुक्याहून येईपर्यंत आठवडा गेला, आणि पोटऱ्यात आलेली ज्वारी वाळली. मला कुणी एका शब्दानं बोललं नाही. त्याचाच जास्त संताप आला.

तिसरी रेघ गणितानंच पैदा केली होती. दोन खरे सूर एकमेकांत गुंतले की मधोमध असं भूत उभं राहतं. पुस्तकात हे होतं, मीच वाचून सोडून दिलं होतं. मग भूत घालवणारी गणिती गाळणी, म्हणजे 'कर्नल', बनवण्यात माझी वर्षं गेली. ती काढते शेजारच्या क्षणांची तोलूनमापून सरासरी. भूत सारखं वर-खाली होतं, म्हणून सरासरीत मरतं. पण सरासरी वाढवली की खरे सूरही पसरट होतात, कमी केली की भूत हजर. अक्षरशः डोकं आपटावंसं वाटायचं.

शेवटी जमलं. त्याच टेपचा नवा कागद घेऊन गावी गेले. दोनच रेघा. मामांनी चष्मा लावून पाहिलं.

"बरं झालं. आन् खरंच बेअरिंग खटखटत असतं, तर ह्यात दिसलं असतं का गं?"

परत आल्यावर मी त्या आवाजात बेअरिंगसारखे बारीक, क्षणभराचे खटके मिसळले आणि कर्नल लावला. पुन्हा दोनच रेघा आल्या. चिडून कागद फाडला. मग मामांना पत्र लिहिलं, मोटरला कान लावायचं सोडू नका.