पासपोर्ट न लागणारा परदेश

अमेरिकेतल्या आमच्या कॅरी गावातल्या मराठी घरांपैकी बरीच घरं सान हुआनला जाऊन आलेली आहेत. कारण सोपं आहे. समुद्र, नारळ, जुना किल्ला, स्पॅनिश बोलणारी माणसं, असा परदेशाचा सगळा सरंजाम तिथं आहे आणि तरी, बेट अमेरिकेच्या ताब्यातलं असल्याने, ती अमेरिकाच आहे. पासपोर्टवरच्या व्हिसाचा शिक्का संपलेल्या माणसाने दुसरं जायचं तरी कुठे? आमचे शिक्के केव्हाच संपले होते. इथं राहायला आणि नोकरी करायला आमचे कागद पुरेसे होते, पण एकदा देशाबाहेर पाऊल टाकलं की भारतातल्या कॉन्सुलेटमधून नवा शिक्का घेतल्याशिवाय परत येता येत नाही, आणि तिथली तारीख काही केल्या मिळत नव्हती. नवऱ्याच्या ऑफिसातला एकजण बहिणीच्या लग्नाला म्हणून गेला तो तिकडेच अडकला, नोकरीही गेली. थोडक्यात, जायला कोणी अडवत नव्हतं, परत यायची सोय नव्हती.

आणि त्याच हिवाळ्यात बाबांनी अंथरूण धरलं. ते कोकणात माझ्या भावाकडे असायचे. आधी अंगणात पडले, मग कंबर गेली, मग एकेक सुरू झालं. मधूनच त्यांना भलत्या वेळेला भलतंच वाटायचं. डॉक्टर भावाला म्हणाले, "कोणाला भेटायला बोलवायचं असेल तर बोलावून घ्या." भावाने ते वाक्य मला फोनवर जसंच्या तसं सांगितलं. मी वकिलाला विचारलं, कंपनीच्या एचआरला विचारलं. सगळ्यांनी सहानुभूती दाखवली. सहानुभूती दाखवण्यात या देशाचा हात धरणारं कोणी नाही. वकिलाने शेवटी लिहिलं की जावं की जाऊ नये हा निर्णय सर्वस्वी तुमचा. घराचे हप्ते माझ्या पगारावर चाललेले, लेक हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला, आणि निर्णय म्हणे सर्वस्वी माझा!

नवऱ्याने यावर काढलेला तोडगा म्हणजे सान हुआन. "तुला जरा चेंज होईल," तो म्हणाला. मला चेंज नको होता, मला बाबा हवे होते. पण त्याचा चेहरा इतका केविलवाणा झाला होता की मी बॅग भरली. लेक होतीच, शिवाय त्याचा पुण्याचा एक मित्र आणि मित्राची बायको बरोबर आले. "बघ यार, नो स्टॅम्पिंग, नो टेन्शन!" हे वाक्य मित्राने विमान उतरेपर्यंत इतक्यांदा ऐकवलं की त्याच्या तोंडात बोळा कोंबावासा वाटायला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिथल्या मंडईत गेलो. जुनी, उंच छपराची इमारत, आत ट्यूबलाइट, ओल्या फरशीचा आणि पिकल्या केळ्यांचा वास. कच्च्या केळ्यांचे घड टांगलेले, मातीने माखलेले सुरणासारखे कंद, अळकुड्या, शहाळी, चिंचा. आणि एका गाळ्यावर, चक्क, नीरफणस. हिरवागार, खरबरीत सालीचा, देठाशी चीक सुकलेला. आमच्या परसात त्याचं झाड होतं. नीरफणसाची कापं बाबा स्वतः करायचे, आईला हात लावू द्यायचे नाहीत. मीठ, हळद, तिखट चोळायचं, रव्यात घोळवायचं आणि तव्यावर तेल सोडत बसायचं. कॅरीत मला नीरफणस कधी दिसला नव्हता, त्यामुळे तो हातात घेतला तो खाली ठेववेना.

"काय गं, मंडईत काय बघायचं एवढं?" मित्राची बायको नाकाला रुमाल लावून म्हणाली. "असलं सगळं आपल्याकडे असतंच की."

"म्हणूनच बघतेय," मी म्हणाले. जरा जास्तच तोडून म्हणाले.

तिकडे कोकणात संध्याकाळ होऊन गेली होती. मी भावाला व्हिडिओ कॉल लावला. त्याने फोन बाबांच्या समोर धरला आणि मी कॅमेरा माझ्याकडे न ठेवता नीरफणसाकडे वळवला. बाबांनी डोळे बारीक केले.

"नीरफणस!" ते म्हणाले. इतका खणखणीत आवाज मी कित्येक दिवसांत ऐकला नव्हता. "जून आहे का बघ. कोवळा उचलू नकोस."

मी बोटाने दाबून दाखवला. मग केळ्यांचे घड दाखवले, शहाळी दाखवली, गाळेवाल्या बाईलाही दाखवलं. ती हसून काहीतरी स्पॅनिश बोलली, बाबांनी तिला नमस्कार केला. मी खूश होते, अगदी मूर्खासारखी खूश होते. आजार, अंतर, शिक्का, सगळं त्या पाच-दहा मिनिटांपुरतं विसरले होते.

"दोन घे," बाबा म्हणाले, "आणि काळोख झालाय, रिक्षानेच ये. कधी उतरलीस गं?"

"कुठे, बाबा?" मी विचारलं, पण तेवढ्यात रेंज गेली. मी भावाला मेसेज केला की बाबांना काहीतरी वेगळंच वाटलंय, नीट समजावून सांग. त्याने 'बघतो' म्हणून कळवलं.

दुपारी मंडईजवळच्याच एका खानावळीत जेवायला बसलो. तिथला खास पदार्थ मोफोंगो. कच्ची केळी तळायची आणि लसणाबरोबर लाकडी खलबत्त्यात कुटून त्याचा गोळा करायचा. मित्राच्या बायकोने वेटरला "नो मीट, नो फिश, नो चिकन सूप" असं तीनदा बजावलं, आणि मित्राने गोळ्याचा एक घास घेऊन खिशातून लसणाच्या चटणीची पुडी काढली. लसणात कुटलेल्या पदार्थावर लसणाची चटणी! आम्ही सातासमुद्रापार आलो तरी खिसा घरचाच. लेक मात्र मन लावून खात होती. "इट्स सो गुड, आई. ट्राय इट ना," ती म्हणाली. मी पहिला घास घेतला आणि भावाचा फोन आला.

"बाबा जेवत नाहीयेत," तो म्हणाला. "तू आलीस असं धरून बसलेत. माझ्याकडून दाढी करून घेतली, शर्ट बदलून घेतला. तुझं पान मांडायला लावलंय. ती येऊ दे, मग बसू, म्हणतात. केव्हापासून सांगतोय, ऐकतच नाहीत. पोटात काही गेल्याशिवाय गोळ्या देता येत नाहीत. आता तूच सांग."

मी टेबलावरून उठले. नवरा मागोमाग आला. सगळं ऐकून हळूच म्हणाला, "सकाळी पोचते म्हण. उद्यापर्यंत विसरतील ते."

विसरले असतेही. आणि विसरले नसते तर सकाळी पुन्हा दाढी करून दाराकडे बघत बसले असते. ते मला सहन होणार नव्हतं. खानावळीच्या दाराशी, भर उन्हात, मी भावाला म्हटलं, दे त्यांना. बाबांशी धड झालेलं माझं ते शेवटचं बोलणं.

"कुठवर आलीस?"

"बाबा, मी आले नाहीये. मी अमेरिकेतच आहे."

"अगं, मंडईत होतीस ना मघाशी?"

"ती इकडची मंडई, बाबा."

"आणि नीरफणस?"

"तो इकडेही मिळतो."

मला शिक्क्याचं सांगायचं होतं, लेकीच्या शाळेचं, तारीख मिळत नाही त्याचं सांगायचं होतं. त्यातलं एकही वाक्य आजारी बापाला सांगण्याच्या लायकीचं नव्हतं. माझी मलाच किळस आली.

"असं होय," बाबा म्हणाले. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "सगळं तिकडेच मिळतं तर. मग तू कशाला येशील?"

"बाबा, तसं नाही हो..."

पण त्यांनी फोन बाजूला केला होता. भावाशी बोलताना त्यांचा आवाज लांबून, पण स्वच्छ ऐकू आला.

"तिचं पान उचल," ते म्हणाले, "आणि मला वाढ."