वीस कलमांचा राब

धसईजवळच्या आमच्या जमिनीतली आंब्याची वीस कलमं मी एकट्यानं, एकाच काडीत जाळली.

गोष्ट नव्वदीतली. फळबागेला सरकारी अनुदान मिळतं हे कळलं आणि माझ्या अंगात आलं! मी कल्याणला कचेरीत कारकून, गावाहून रोज जाऊन-येऊन. कागद हा माझा प्रांत. सातबारा, आठ-अ, दाखले, नकाशा तीन प्रतींत... मुरबाडला इतक्या खेपा घातल्या, की तिथला शिपाई मला बघितल्यावर चहा सांगू लागला. अर्ज मंजूर! लाभार्थी म्हणून माझं नाव, टाइप केलेलं! कलमं आली, लागलीसुद्धा. (आईनं लावली. मी पावत्या फायलीला लावत होतो.)

दुसरा हप्ता मात्र कलमं जगली तरच मिळणार होता. त्यातून पाण्याचा पंप घ्यायचा ठरला होता, कारण आई रोज ओहोळावरून हंडे आणून कलमांना घालायची आणि तिची कंबर पार गेली होती. "पंप आला म्हंजे सुटले बाबा," म्हणायची. सोमवारी कृषी सहायक पाहणीला येणार होते.

आदल्या दिवशी मी ओट्यावर चहा पीत बसलेलो. बायको म्हणाली, "तुमी कधीतरी शेतात जावा की! आई एकट्या मरतात."

झोंबलं! तडक उठलो. आमच्याकडे उन्हाळ्यात भाताच्या रोपासाठी राब भाजतात, म्हणजे जमिनीवर शेण, झाडांच्या तोडलेल्या फांद्यांचा टाहाळ, पाचोळा पसरून पेटवतात. त्यात काय एवढं? वरच्या माळावर गेलो, तर वाळक्या टाहाळाचे छोटे छोटे ढीग, दोरी लावल्यासारखे ओळीत! इतका शिस्तीतला राब मी जन्मात पाहिला नव्हता. म्हातारी बिचारी थोडा थोडा रचत असेल, असं मनात आलं. डोळे पुसले आणि काडी ओढली.

शेवटचा ढीग पेटला तेवढ्यात आई हंडा घेऊन आली.

"अरे मेल्या, काय पेटवलंस?"

"राब! तू आता आराम कर."

"राब खाली बांधाला हाय रे! हितं मी कलमांवर सावली केलेली! उन्हानं करपतील म्हनून!"

(उन्हानं नाही करपली, हे खरं.)

"पण आई, ओळीनं होते म्हणून मला..."

"कलमं ओळीनंच लावतात! नकाशा तूच काढलेलास ना?"

काढला होता. तीन प्रतींत.

तिनं हंडा जवळच्या ढिगावर ओतला. चर्र झालं. ती मटकन खाली बसली. "गेला माझा पंप," एवढंच म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सोमवारी सहायक आले. मी वीस काळे डाग दाखवले आणि म्हणालो, "वणवा, साहेब."

"बरोबर वीस जागा बघून?"

"वनवा कसला!" आई पुढे झाली. "खोटं कशाला बोलतोस? ह्यानंच जाळली, साहेब. आमचा शिकलेला हाय. आमी परत लावू. पन आता पानी ह्यो घालंल, रोज, कामावरून आल्यावर!"

साहेबांनी फॉर्म काढला. 'झाडे न जगण्याचे कारण': रोग, गुरे, वणवा, पाणीटंचाई. एकेकावर रेघ मारत ते 'इतर'वर आले, एकच शब्द लिहिला आणि सहीसाठी कागद माझ्यापुढे धरला. इतकी वर्षं कागदांत घालवली, पण इतका बिनचूक सरकारी कागद मी दुसरा पाहिला नाही. कारण: 'लाभार्थी'.