खिल्लारे बाईंचा माफीनामा

आमच्या शाळेत 'ठार' हा शब्द बंद होता. ही बंदी मुख्याध्यापकाने, म्हणजे मी, घातलेली नव्हती. माझ्या अंगात तेवढी धमक कधीच नव्हती. ती घातली होती खिल्लारे बाईंनी. सकाळच्या परिपाठात प्रार्थना आणि सुविचार झाला की एक मूल वर्तमानपत्रातली बातमी वाचायचं. 'हल्ल्यात अकरा ठार' असं काही आलं की बाई रांगेच्या कडेनं हात वर करायच्या. "थांब रे. ठार म्हंजे काय? अकरा माणसं मेली म्हण." पोरगं पुन्हा वाचायचं, आणि दुसऱ्यांदा वाचताना त्याचा आवाज आपोआप खाली यायचा.

पोरांनी ही बंदी इतकी मनावर घेतली की एकदा चौथीतल्या मुलीनं सांगितलं, "बाई, आमचे आबा माणसं मेली बहिरे हायेत." "ठार बहिरे म्हणायचंय का गं तुला? ते चालतं," असं म्हणून बाई पदर तोंडाला लावून व्हरांड्यात गेल्या आणि तिथं पोटभर हसून परत आल्या.

आमचं गाव हिंगोलीपासून तासाभराच्या वाटेवर. शाळा सातवीपर्यंत. बाई औंढा नागनाथच्या बाजूच्या. आईवडील दुसऱ्यांच्या हळदीत राबलेले, आणि घराण्यात शाळा पूर्ण केलेली ही पहिली मुलगी. इतिहास-भूगोल शिकवायच्या. व्हरांड्याच्या भिंतीवर त्यांनी स्वतःच्या हातानं जगाचा नकाशा रंगवला होता. ऑस्ट्रेलियाला खिडकी आडवी आली, म्हणून तो निम्माच होता.

कुठल्याही युद्धाची बातमी आली की त्या देशावर छडी ठेवून त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे: "तिथं काय पिकतंय?" युक्रेनमध्ये गहू आणि सूर्यफूल पिकतं हे आमच्या पोरांना असं पाठ झालं. मी एकदा वैतागून म्हणालो, "बाई, इथं मूल्यमापनाचे तक्ते भरायचे राहिलेत. आपण कशाला जगाच्या भानगडीत पडायचं?"

"तेलाचा डबा महाग झाला तवाच पडलो की सर आपण भानगडीत," त्या म्हणाल्या. "तिकडं पेरणारा गेला, इकडं आपली फोडणी कमी झाली. लेकरांना एवढं तरी कळू द्या." मी तक्ते भरायला गेलो.

मग आपल्याच सीमेवर गोळीबार सुरू झाला. गावात घरोघरी टीव्ही मोठ्यानं लागलेले. परिपाठात सातवीतल्या मुलानं बातमी वाचली, पलीकडची बरीच माणसं मेली होती, आणि सगळ्या रांगांनी टाळ्यांचा कडकडाट केला. खरं सांगतो, माझेही हात वर आले होते. बाई पुढे झाल्या. "टाळी न्हाई. मेलेल्या माणसावर टाळी वाजवायची न्हाई, मग तो कुणाचाबी असो. आपले जवान तिथं लढून राहिलेत, त्यांच्यासाठी गप उभं राहू." मुलं उभी राहिली. मीही.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं की बाईंनी शत्रूची बाजू घेतली. दुसऱ्या दिवशी शाळा व्यवस्थापन समिती बसली. अध्यक्ष भले गृहस्थ, पण गावाच्या तोंडापुढे त्यांचंही काही चालेना. "बाई, दोन ओळी माफीच्या लिहून द्या, मिटून जाईल. न्हाई तर ती परिपाठातली बातमी बंद होईल आन् तुमच्या बदलीसाठी आमी वर लिहू." बाईंच्या निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं.

"आणा कागद," बाई म्हणाल्या. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मी तर चहासुद्धा सांगितला. बाईंनी शांतपणे लिहिलं, सही केली. अध्यक्षांनी मोठ्यानं वाचलं: 'मी मुलांना मेलेल्या माणसांवर टाळ्या वाजवू दिल्या नाहीत. उद्याही वाजवू देणार नाही.' चहा आला तेव्हा तो प्यायला कुणी उरलं नव्हतं.

तो कागद माझ्या अभिप्रायासह वरच्या कार्यालयात जायचा होता. 'शिक्षिकेस समज दिली आहे' एवढं खरडलं की मी मोकळा. मी बाईंना म्हणालो, "एक वर्षाचा तर प्रश्न आहे. बातमी बंद करू, सुविचार दोन घेऊ." त्या माझ्यावर चिडलेल्या मी तेव्हाच पाहिल्या. "माझ्यावर काय लिहायचं ते लिहा सर. पण लेकरांपासून जग काहून झाकून ठेवता?"

दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यालयाच्या दारात गयाबाई उभी. तिचा मुलगा फौजेत, सीमेवरच. मला वाटलं, हीसुद्धा तक्रार घेऊन आली.

"सर, बातमी बंद करून राहिले म्हणं तुमी?"

"का हो?"

"मला वाचता येत न्हाई. घरी टीव्हीवर ते लोक वरडतात, छाती धडधडती. म्हणून मी रोज तुमच्या कुंपणापाशी उभी राहते. हितं लेकरं हळू वाचतात, माझ्या पोराकडचं मला बराबर कळतं." ती जरा थांबली. "परवा टाळ्या वाजल्या तवा मनात आलं, माझ्या लेकराला काही झालं तर तिकडंबी अशाच वाजतील. बाईनं थांबवलं, बरं झालं."

ती गेल्यावर मी अभिप्राय लिहिला: 'शिक्षिकेचे म्हणणे मला मान्य आहे.' एवढं वाक्य लिहायला गयाबाई दारात यावी लागली, याची मला अजून लाज वाटते.

बाईंची उरलेल्या वर्षासाठी दूरच्या एका शाळेत बदली झालीच. बातमीवाचन बंद करा, अशी वरच्या कार्यालयाची सूचनाही सोबत आली. निरोपाच्या दिवशी मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेलो. "बाई, हरलो आपण."

"हरायला लढाई कुठं होती?" त्या पिशवी खांद्याला अडकवत म्हणाल्या. "शिकवून राहिलो आपण. मी तिकडं शिकवते, तुमी हिकडं शिकवा."

आठवड्याभरानं मला नोटीस आली. सूचना देऊनही परिपाठातील बातमीवाचन का बंद केले नाही, याचा खुलासा करावा. माझ्या नोकरीतली ही पहिलीच नोटीस. घाबरून बाईंना फोन केला, तर त्यांना आनंदच झाला. "आली का? मग द्या की खुलासा. आन् अक्षर जरा बरं काढा, तुमचं कुणाला लागत न्हाई."

शनिवारी शाळा सुटल्यावर मी कोरा कागद पुढे ओढला. 'अनवधानाने', 'क्षमस्व', 'यापुढे दक्षता घेऊ' हे जन्मभराचे सोबती एकेक करून पेनाच्या टोकाशी येऊन गेले. एकालाही कागदावर उतरू दिलं नाही. जमेल तितक्या चांगल्या अक्षरात लिहिलं: 'शाळेत रोज सकाळी बातमी वाचली जाते. उद्या रविवार आहे. सोमवारी पुन्हा वाचली जाईल.'